वाड्यातील रायफल आणि तिची नळी

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात भोजनोत्तर गप्पा चालू असताना मेहकरकडील एका कुटुंबातील तरुणाने आम्हांस एक प्रश्न विचारला. त्याच्या आजोबांची ‘३१५ बोअर’ची रायफल घरी आहे. परवाना वडिलांच्या नावे रीतसर चालू आहे. परंतु नळी आतून गंजाने खाल्ली गेली असून गोळी नेमावर लागत नाही. “काका, तुम्हांला जुन्या गोष्टींचा नाद आहे. नळी बदलून तीच रायफल ‘थर्टी नॉट सिक्स’ची करून घेतली तर चालेल का? ते काडतूस जोरकस असते म्हणतात,” असे तो म्हणाला.

त्या वेळी आम्ही मोघम उत्तर देऊन विषय संपविला. तथापि घरी आल्यावर तो प्रश्न मनातून जाईना. विचार करता असे ध्यानात आले की, प्रश्न नळीचा दिसत असला तरी त्याचे अर्धे उत्तर लोहाराच्या भात्याजवळ आहे आणि अर्धे इतिहासात. आजोबांना ३१५ बोअरचीच रायफल का मिळाली? साहेबाच्या खांद्यावर एक, फौजेतील शिपायाच्या खांद्यावर दुसरी, पोलिसाच्या हाती तिसरी आणि आमच्या पाटील-देशमुखांच्या वाड्यात चौथी, असा भेद का असावा? आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ ज्ञातिबांधवांच्या घरी अशी जुनी शस्त्रे आहेत किंवा होती. म्हणून त्या भेदाची हकीकत येथे मांडीत आहोत.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. ‘काडतूस’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. गोळी, दारू आणि दारू पेटविणारी टोपी ही तिन्ही ज्यात एकत्र बसविली आहेत ते पितळी कवच म्हणजे आजचे काडतूस. त्यापूर्वी आपल्याकडे होती ती ठासणीची बंदूक. तोंडाकडून दारू ओतावयाची, वर चिंधी व छर्रे ठासावयाचे आणि मग बार काढावयाचा. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसणाऱ्या शेतकऱ्याजवळ हीच असे. ‘बारा बोअर’ या नावाचे मूळही पुष्कळांस ठाऊक नसते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या असता त्यांतील एक गोळी ज्या नळीत बसते, ती नळी बारा बोअरची. रायफलीचे माप मात्र इंचात सांगतात. ३१५ बोअर म्हणजे इंचाचा तीनशे पंधरा सहस्रांश भाग, म्हणजेच आठ मिलिमीटर.

बंदूक आणि रायफल यांतील भेद नळीच्या आत आहे. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत मळसूत्रासारख्या पीळदार खाचा असतात. त्या खाचांमुळे गोळी भोवऱ्याप्रमाणे स्वतःभोवती फिरत जाते व दूरवर सरळ जाते. एवढ्या एका पिळावरून पुढचे सारे राजकारण घडले आहे.

आपल्या जिल्ह्याने बंदुकीचा आवाज फार पूर्वीपासून ऐकला आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या मैदानावर निजामुल्मुल्क आणि मुबारिझखान यांची जी लढाई झाली, तिच्या निकालाने दक्षिणेत निजामाचे राज्य स्थिर झाले. त्या काळी सरदार, देशमुख, पाटील या सर्वांच्या पदरी बंदुका असत, आणि शिपायाची बंदूक व रयतेची बंदूक यांत जातीचा भेद नव्हता. दोहोंची नळी गुळगुळीत, दोहोंची दारू काळी. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आले. त्यानंतर चारच वर्षांनी १८५७ चा उठाव झाला. त्याला निमित्त झाले एनफिल्ड रायफलीचे चरबी लावलेले काडतूस, हे शाळेतील मुलासही माहीत आहे. परंतु उठाव मोडल्यानंतर इंग्रजांनी काय केले ते तितकेसे परिचित नाही. त्यांनी हिंदी शिपायांसाठी त्याच एनफिल्डचा एक निराळा नमुना बनविला. बाहेरून तीच एनफिल्ड, पण आतली नळी गुळगुळीत, पिळाशिवाय! गोऱ्या सैनिकाच्या गोळीने दूरचा वेध घ्यावा आणि हिंदी शिपायाच्या गोळीने शंभर-सव्वाशे यार्डांपलीकडे भरवसा देऊ नये, अशी ती योजना होती. राज्यकर्त्याचा प्रजेवर किती विश्वास आहे हे नळीच्या आत डोकावून समजावे, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस आढळले नाही.

पुढेही तोच क्रम चालला. नवी रायफल निघाली की ती प्रथम गोऱ्या पलटणींना मिळे आणि त्यांनी टाकलेली जुनी हिंदी पलटणींकडे येई. १८६६ मध्ये जुन्या एनफिल्डच्या नळीचा मागील भाग कापून तेथे मागून भरण्याची सोय बसविली व तिला ‘स्नायडर’ नाव दिले. १८७१ मध्ये ‘मार्टिनी-हेन्री’ आली. तिचे काडतूस ०.४५० इंची, गोळी ४८० ग्रेनची. आपल्या जुन्या तोळ्याचे बरोबर १८० ग्रेन होतात, तेव्हा ही गोळी सुमारे पावणेतीन तोळ्यांची झाली. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. त्याने हिंदी माणसास परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरविला आणि युरोपियनांस त्या बंधनातून मोकळे ठेविले. वऱ्हाड नावाने निजामाचा मुलूख असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे स्वतंत्र आदेशांनी लागू होत. परंतु लायसन्सच्या कागदासाठी कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या आमच्या पूर्वजांना त्या बारकाव्याचा काही उपयोग झाला असेल असे वाटत नाही.

१८८८ मध्ये ब्रिटिश फौजेने ०.३०३ इंचाचे, म्हणजे ज्यास आपण ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतो ते काडतूस स्वीकारले. त्या रायफलीचे नाव ‘ली-मेटफर्ड’. यांत ली हा खटक्याच्या यंत्रणेचा कर्ता आणि मेटफर्ड हा नळीतील पिळाचा. हा पीळ उथळ होता आणि काळ्या दारूस तो मानवत असे. लवकरच काळ्या दारूऐवजी धूर न करणारी ‘कॉर्डाइट’ दारू आली. तिची ज्वाला इतकी प्रखर की मेटफर्डचे उथळ आटे झिजून जाऊ लागले. तेव्हा १८९५ मध्ये एनफिल्ड कारखान्याने खोल खाचांची नवी नळी काढली, आणि त्याच रायफलीचे नाव ‘ली-एनफिल्ड’ झाले. नळी बदलली म्हणून रायफलीचे नावच बदलले, हे नळी बदलण्याच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. ज्या मार्टिनी रायफली शिल्लक होत्या, त्यांपैकी पुष्कळांना ०.३०३ च्या नव्या नळ्या बसविण्यात आल्या. तात्पर्य, आमच्या तरुण मित्राने विचारलेली गोष्ट नवी नाही. मोठमोठ्या साम्राज्यांनीही काटकसरीसाठी तोच मार्ग धरला होता.

आता शिकारीच्या काडतुसांकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी साहेब लोकांचे आवडते काडतूस म्हणजे ०.४५० इंची ‘नायट्रो एक्स्प्रेस’. वजन तेच ४८० ग्रेन, परंतु कॉर्डाइटमुळे वेग सेकंदास सुमारे २१५० फूट. मार्टिनीच्या गोळीचा वेग अवघा १३५० च्या आसपास होता. अशातच १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली व देशभर असंतोष पेटला. सरहद्दीवर आणि अन्यत्र जुन्या ०.४५० इंची मार्टिनी रायफली पुष्कळांच्या हाती होत्या. त्या मापाची गोळी-काडतुसे शिकारीच्या नावाखाली येऊन बंडखोरांस मिळतील, या भीतीने सरकारने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात ०.४५० इंची रायफली व काडतुसे आणण्यास मनाई केली. इंग्लंडातील बंदूकवाल्यांचे मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थानात! त्यांनी ताबडतोब माप थोडे वाढवून ०.४६५, ०.४७०, ०.४७५ अशी नवी काडतुसे बाजारात आणली. शिकारीच्या दृष्टीने पाहिले तर ०.४५० आणि ०.४७० यांत फरक नाममात्र आहे. वाघाला वा गव्याला तो कळणार नाही. ही काडतुसे जन्मली ती जनावराच्या चामड्याकडे पाहून नव्हे, तर सरकारी हुकमाकडे पाहून.

ज्या काडतुसाने आपल्या घरांत प्रवेश केला त्याची कथाही अशीच आहे. फौजेचे ०.३०३ काडतूस सामान्य हिंदी माणसाच्या हाती जाऊ नये, हे सरकारचे धोरण होते. मग परवानाधारकाला द्यावयाचे काय? ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे आठ मिलिमीटरचे मानलिखर काडतूस १८९० पासून प्रचारात होते. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने ली-एनफिल्डचीच यंत्रणा घेऊन तिला त्या मापाची नळी बसविली आणि ‘०.३१५ स्पोर्टिंग रायफल’ म्हणून ती हिंदुस्थानात विकली. विनोद असा की, आपल्या फौजेचे काडतूस नागरिकास नको म्हणून परक्या फौजेचे काडतूस ‘नागरी’ ठरले! जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल भेट मिळालेली ०.२७५ ची रिग्बी रायफलही याच पठडीतली. तिचे काडतूस म्हणजे बोअर युद्धात इंग्रजांवरच चाललेले मौझरचे सात मिलिमीटरी काडतूस होय.

या काडतुसांची तुलना आमच्या वाचकांस सोपी व्हावी म्हणून तोळ्यांतच करू. ०.३०३ ची शेवटच्या प्रकारची फौजी गोळी १७४ ग्रेन, म्हणजे तोळ्याला थोडी कमी, वेग सेकंदास २४४० फूट. ०.३१५ ची गोळी २४४ ग्रेन, म्हणजे सव्वा तोळ्याहून अधिक, पण वेग दोन हजारांच्या घरात. अमेरिकन फौजेने १९०६ मध्ये स्वीकारलेल्या ‘थर्टी नॉट सिक्स’ची शिकारी गोळी बहुधा १८० ग्रेनची, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि वेग २७०० फूट. १९१२ मध्ये निघालेल्या ०.३७५ मॅग्नमची गोळी ३०० ग्रेन, म्हणजे एक तोळा आठ मासे, आणि वेग २५०० च्या आसपास. आघाताची शक्ती फूट-पौंडांत मोजतात. एक पौंड वजन एक फूट उचलण्यास लागते ती शक्ती एक फूट-पौंड. त्या मापाने ०.३१५ ची शक्ती सुमारे २२००, ०.३०३ ची २३००, थर्टी नॉट सिक्सची २९००, ०.३७५ ची ४२०० आणि बंदी आलेल्या ०.४५० ची ४९०० भरते.

यावरून दोन गोष्टी दिसतात. पहिली, ०.३१५ हे दुबळे काडतूस नव्हे. बालाघाटाच्या शुष्क पानझडी रानात किंवा पूर्णेकाठच्या शेतांच्या कडेला, शंभर-सव्वाशे पावलांच्या आत, रानडुकरासाठी वा रोह्यासाठी जड व संथ गोळीचे ते काडतूस पुरेसे होते. आपल्या वडीलधाऱ्यांनी त्यावर पन्नास वर्षे भागविले ते उगीच नव्हे. दुसरी, लांब पल्ल्यावर मात्र त्याची गोळी लवकर खाली उतरते आणि तेथे थर्टी नॉट सिक्स सरस ठरते. तरुणाचे म्हणणे त्यापुरते खरेच होते.

मग नळी बदलता येईल काय? नळी म्हणजे केवळ पुढे दिसणारा लोखंडी नळ नव्हे. काडतूस ज्या कोठीत बसते ती कोठी नळीच्याच मागील टोकात कोरलेली असते, आणि ते टोक आट्यांनी रायफलीच्या पेटीत घट्ट बसविलेले असते. बार उडताना काडतुसाच्या बुडाला खटक्याचा दांडा धरून ठेवितो. तेव्हा नवी नळी घालताना कोठीचे माप, काडतुसाच्या कडेसाठी दांड्यापुढे ठेवावयाची नेमकी जागा, कवच बाहेर ओढणारा आकडा आणि पेटीचे पोलाद या चारही गोष्टी जुळाव्या लागतात. ०.३१५ च्या जागी ०.३१५ चीच नवी, परीक्षित नळी घालणे हे परवानाधारक कारागिराचे नित्याचे काम आहे. बी.एस.ए.ने ०.३०३ च्या यंत्रणेवर ०.३१५ बसविले ते याचसाठी सुकर झाले की, दोन्ही काडतुसे कडेची असून लांबीने जवळजवळ सारखी आहेत आणि ०.३१५ चा दाब बेताचा आहे.

थर्टी नॉट सिक्सचे तसे नाही. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कडा नाही, म्हणून आकडा व दांड्याचे तोंड जुळत नाही. ०.३०३ चे संपूर्ण काडतूस ७८ मिलिमीटर लांब, तर हे ८५ मिलिमीटर. ते जुन्या पेटाऱ्यात मावतच नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याचा दाब अधिक. ली-एनफिल्डचा दांडा मागील बाजूस अडकतो आणि जुने पोलाद त्या दाबासाठी घडविलेले नाही. याचा दाखला आपल्या सरकारी कारखान्यानेच दिला आहे. १९६० नंतरच्या दशकात ईशापूरच्या रायफल कारखान्याने ०.३०३ रायफलीचीच रचना ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसासाठी वापरावयाचे ठरविले, तेव्हा नुसती नळी बदलून भागले नाही. अधिक मजबूत पोलादाची पेटी, नवा पेटारा आणि नवा आकडा करावा लागला. जे काम इतक्या मोठ्या कारखान्याने जुन्या पेटीवर केले नाही, ते गावच्या भट्टीवर करू जाणे म्हणजे आपल्याच डोळ्यापाशी सुरुंग लावणे होय.

कायद्याची बाजूही तितकीच ठाम आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला व त्याने १८७८ चा भेदभावाचा कायदा संपविला. काळा-गोरा हा भेद गेला, परंतु मापाची सीमा राहिली. ०.३०३ वा ७.६२ मिलिमीटरचे फौजी काडतूस ज्यात बसेल अशी रायफल नागरिकास निषिद्ध आहे. ०.४१० चा मस्केटही निषिद्धच. हा मस्केट म्हणजे १८५७ नंतरच्या युक्तीची पुढची आवृत्ती होती. पोलीस व पहारेकऱ्यांसाठी ०.३०३ रायफलीला गुळगुळीत, एकबारी नळी देऊन तो बनविला होता. स्वतंत्र भारताने ही सीमा कायम ठेविली याचे कारण सरकारी कोठारातील दारूगोळा चोरवाटेने बाहेर जाऊ नये हे आहे, आणि ते आम्हांस पटते. फरक इतकाच की, आज हे बंधन आपणच निवडून दिलेल्या सरकारचे असून सर्वांस सारखे आहे.

त्याच अधिनियमाच्या पाचव्या कलमान्वये शस्त्राची दुरुस्ती वा रूपांतर परवान्यावाचून कोणासही व्यवसाय म्हणून करता येत नाही. आठव्या कलमान्वये शस्त्रावरील क्रमांक वा खूण खोडणे गुन्हा आहे. परवान्यावर बोअर लिहिलेला असतो. तो बदलणे म्हणजे परवान्यातील शस्त्रच बदलणे. घरातील परवानाधारक दिवंगत झाल्यास शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने अर्ज करावयाचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आहे, वारसाहक्काने आलेली शस्त्रे धरून. शिवाय आपल्या जिल्ह्यात १९९७ पासून ज्ञानगंगा व अंबाबरवा ही अभयारण्ये आहेत. अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपली नोंद वन्यजीव खात्याकडे करावयाची असते. बोथा घाटाच्या आसपासच्या गावांतील बांधवांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

राहता राहिली शिकार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकारीचा तो काळ संपला, आणि १९७३ मध्ये शेजारच्या मेळघाटात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. डिसेंबर २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा एक तरुण वाघ हजार किलोमीटरांहून अधिक चालत आपल्या ज्ञानगंगेत येऊन पोहोचला. त्याच्या गळ्यात यंत्राचा पट्टा होता आणि त्याचे पाऊल न् पाऊल टिपले जात होते. ज्या रानात आपल्या आजोबांनी मचाण बांधले, त्याच रानात नातवंडे त्या वाघाची वार्ता कौतुकाने वाचीत होती.

म्हणून त्या तरुणास आमचे उत्तर असे आहे. नळी बदलावयाचीच असेल तर त्याच मापाची, परवानाधारक कारागिराकडून आणि कचेरीस कळवून बदलावी. परंतु आधी स्वतःस विचारावे की ती बदलावयाची कशासाठी? वाघासाठी नव्हे, रोह्यासाठीही नव्हे. जी नळी झिजली आहे ती आजोबांच्या हातून झिजली आहे. तिच्यावरील बी.एस.ए.चा वा ईशापूरचा छाप, परवान्याच्या जुन्या पुस्तिकेवरील शिक्के, तळाशी उरलेल्या काडतुसाच्या बुडावर असलीच तर खडकी कारखान्याची ‘के. एफ.’ अक्षरे, हे सारे मिळून एका काळाचा दस्तऐवज होतो. एका राजवटीने आपल्यावर किती इंच विश्वास ठेवला होता, ते त्या नळीच्या मापात कोरलेले आहे.

ज्या घरांत अशी शस्त्रे होती व पुढे जमा केली गेली, त्यांनी निदान त्यांचे परवाने जपावेत. घरातील वृद्धांना विचारून रायफल केव्हा आली, कोणी दिली, कोणत्या हंगामात वापरली हे एका कागदावर लिहून ठेवावे आणि त्याची एक प्रत मंडळाच्या कार्यालयाकडे पाठवावी. लोखंड गंजते, माणसे जातात, लिहिलेले तेवढे राहते. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत अशा दहा-वीस नोंदी एकत्र छापता आल्या, तर संमेलनात विचारलेल्या त्या एका प्रश्नाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.